ओसरीवरचं ऑफिस

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना माझ्याकडे आलेला एक तपास अजून मनातून गेलेला नाही. त्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं. बोट दाखवणारी कंपनी पुण्यात बसलेली होती आणि मुद्देमाल म्हणून फक्त एक लॅपटॉप होता. पण पंचविशीतल्या एका मुलीची नोकरी, तिची अब्रू आणि नुकतंच कपाळ पांढरं झालेली तिची आई, हे सगळं त्या तपासावर टांगलेलं होतं. त्या माणसांचा मान राखायचा म्हणून इथे कोणाचंही नाव लिहीत नाही.

मुलगी शेगावची, मी तिथल्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक. पुण्यातल्या एका कंपनीत आरोग्य विम्याचे दावे तपासण्याचं काम करायची. महिन्यातला एक आठवडा पुण्याच्या ऑफिसात, बाकीचे दिवस घरून. कंपनीने तिला नव्या पद्धतीचा लॅपटॉप दिला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम इंटरनेटवर न पाठवता यंत्राच्या आतच व्हावं, अशी सोय त्यात होती. दवाखान्याचे कागद वाचून तो त्यांचा गोषवारा काढायचा. आमच्याकडे वारा सुटला तरी नेट जातं; तिचं काम मात्र थांबत नसे. शिवाय तो मालकाचा चेहरा ओळखायचा. ती उठून गेली की कुलूप लावायचा आणि तिच्या खांद्यावरून दुसरं कोणी डोकावलं की पडदा धूसर करायचा.

कंपनीच्या काही ग्राहकांना भामट्यांचे फोन येऊ लागले. 'तुमचं अमुक ऑपरेशन झालं, दावा अडकलाय, ओटीपी सांगा.' फोन करणाऱ्याला आजारापासून डॉक्टरच्या नावापर्यंत सगळं ठाऊक असे. आमच्या हद्दीतल्या एका निवृत्त शिक्षकांची पेन्शन त्यात गेली, म्हणून गुन्हा आमच्याकडे नोंदला गेला. अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, त्यामुळे तो माझ्या टेबलावर आला. पाठोपाठ कंपनीचा सुरक्षा अधिकारी पुण्याहून येऊन बसला.

"सर, ज्यांना फोन आले त्या सगळ्यांच्या फायली या एकाच मुलीकडे होत्या," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी तिचाच चेहरा ओळखून लॅपटॉप उघडलाय. आणि मुख्य म्हणजे, डोकावणाऱ्याला अडवणारी सोय आणि आपोआप कुलूप, दोन्ही तिने स्वतःच्या हाताने बंद केलीयत. आमची यंत्रणा खोटं बोलत नाही."

त्याच दिवशी माझा हवालदार एक खबर घेऊन आला. "सायेब, आपल्या खबऱ्याची टीप हाय. त्या पोरीच्या घरी रोज नवे नवे लोकं येऊन राह्यले. गाड्या उभ्या राह्यतेत. बसतेत, कुजबुज करतेत, चालले जातेत. टोळीच दिसते."

दोन्ही गोष्टी एकमेकींना इतक्या नीट जुळल्या की मला शंका यायला जागाच उरली नाही. आम्ही दुपारी साध्या वेशात गेलो. दार सताड उघडं होतं. ओसरीवर सतरंजी, तीवर पाचसहा माणसं मान खाली घालून बसलेली. एका वयस्कर बाईंनी आमच्याकडे पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "या भाऊ, बसा. लय मोठा घात झाला हो." पाण्याचा तांब्या पुढे आला. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही बसलो. शेजारचे गृहस्थ हवालदाराच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमाले तं भाऊसारखेच होते." हवालदार हुंकार भरण्यापलीकडे काय करणार?

मुलीचे वडील गेले होते. तेरवी होऊन गेली तरी माणसं भेटायला येतच होती. ती वयस्कर बाई तिची आत्या. टोळी म्हणून आम्ही जिला धरायला गेलो, ती एका घराच्या दुःखात बसायला आलेली मंडळी होती.

तरीही काम करणं भाग होतं. आम्ही ओळख दिली. गल्लीतले दोन पंच बोलावून पंचनामा केला, लॅपटॉप ताब्यात घेऊन सीलबंद केला. दारात गर्दी जमली होती. मुलीची आई भिंतीला टेकून होती. आत्या मात्र माझ्यापुढे उभी राहिली. "भाऊ मेला माह्या. आता पोरीलेबी नेता का?"

"नेत नाही. उद्या तिला फक्त चौकशीला ठाण्यात पाठवा. तुम्ही सोबत या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी महिला अंमलदारासमोर जबाब घेतला. मुलगी शांत होती, उत्तरं तोलून देत होती. ती सोय का बंद केली, यावर मात्र तिचं एकच उत्तर: "चुकून झालं."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस जिथे अडखळतो, तिथे नेहमी गुन्हाच असतो असं नाही. पुष्कळदा तिथे लाज असते. मी पेन खाली ठेवलं आणि तिला विचारलं, "तुझं टेबल घरात कुठे असतं?"

ती रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. घरून काम करायचं तर दार लागणारी स्वतंत्र खोली हवी, अशी कंपनीची अट होती. 'आहे' म्हणून तिने लिहून दिलं होतं. घर म्हणजे ओसरी, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील असताना ते तिच्या कामाच्या वेळात ओसरीच्या पायरीवर बसून राहत, येणाऱ्याला तिथूनच परत पाठवत. ते गेले. सुट्टी चार दिवसांत संपली. पुण्याचे साहेब म्हणाले, घरूनच तर करायचंय. आत आईजवळ बायका बसलेल्या, म्हणून ती ओसरीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली. येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याजवळ यायचा, डोक्यावर हात ठेवायचा, गळ्यात पडून रडायचा. दर वेळी पडदा धूसर. दर वेळी आतून आईची हाक, दर वेळी कुलूप. अखेर तिने दोन्ही सोयी बंद केल्या.

"त्यांना सांगितलं नाहीस, घरात एवढी माणसं आहेत म्हणून?"

"त्यांना ऐकूच जात नव्हतं सर. मीटिंगमध्ये हा लॅपटॉप आजूबाजूचा आवाज गाळून टाकतो. आई रडायची, आणि पुण्याला फक्त माझा आवाज जायचा."

मला तिचं म्हणणं पटलं, पण माझ्या पटण्याला न्यायालयात काय किंमत? माहिती तर गेलीच होती. कोणी नेली? मी भेटायला येऊन गेलेल्यांची चौकशी सुरू केली. आईकडच्यांना विचारलं, वडिलांकडच्यांना विचारलं. सगळे आपापल्या माणसांविषयी छातीठोक बोलत होते. तपास तिथेच रुतला.

एके दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. घरी मी तपासाविषयी बोलत नसे, पण त्या दिवशी बोललो. माझी पत्नी अकोटकडची, शाळेत भाषा शिकवायची, तरी घरात वऱ्हाडीच बोलायची. भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "तुमी गेले होते ना त्या घरी? तुमाले कोनं इचारलं का, तुमी कोन म्हनून?"

"नाही. पाणी दिलं, बसवलं."

"मंग? मैताच्या घरी कोनी कोनाले नाव इचारते का? आईकडचे म्हनतीन बापाकडचा असंल, बापाकडचे म्हनतीन आईकडचा. जसे तुमी बसले तसा आनखी कोनी बसला असंल."

मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो. मागून आवाज आला, "अहो, जेवून तं जा!" मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तपासाच्या कागदात तिचं नाव कुठेच नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: तिढा सोडवला तिने.

आत्याला ठाण्यात बोलावलं. या वेळी प्रश्न बदलला. कोण आलं होतं, असं न विचारता मी म्हणालो, "तेरवीच्या आधी आलेल्यांपैकी कोणाचं वागणं तुम्हाला खटकलं?"

आत्याने क्षणभरही विचार केला नाही. "हाव, होता एक मेला. जातानी मले म्हन्ते, 'येतो बरं आक्का.' मैताच्या घरून 'येतो' म्हन्ते का कोनी? गपचूप उठून जा लागते. मी म्हनलं, हा कोन्या देशातून आला बे! पन वहिनीकडचा असंल म्हनून तोंड दाबलं."

वहिनीला, म्हणजे मुलीच्या आईला विचारलं. ती हळूच म्हणाली, "मले वाटलं ह्यायच्या हापिसातला."

दिवस कोणता, वेळ कोणती? आत्याला सांगता येईना. त्या दिवसांत त्या घरात सकाळ-संध्याकाळच उरली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानाचा कॅमेरा होता, पण त्यातलं चित्रीकरण महिनाभरच टिकतं. जुने दिवस रोज पुसले जात होते. शेगावच्या गल्लीत रोज दर्शनाला आलेले किती परके हिंडतात. त्यातून एक चेहरा शोधायचा तर नेमकी वेळ हवी होती.

ती वेळ लॅपटॉपने दिली. बुलढाण्याच्या सायबर ठाण्यातल्या महिला हवालदाराने यंत्राची रीतसर प्रत काढून घेतली होती. मी फोनवर आत्याचं सांगणं ऐकवलं, तशी ती म्हणाली, "सर, हा लॅपटॉप मीटिंगचं टिपण आपोआप लिहितो. पुण्याला गाळलेला आवाज गेला, पण इथे आत त्याने जे ऐकलं ते सगळं उतरवलेलं असणार. बघते."

दुसऱ्या दिवशी तिने ते पाठवलं. साहेबांचं महिन्याच्या उद्दिष्टांवरचं बोलणं चालू आहे. मध्येच कोणी म्हणतं, 'बाई, तू आत जाय, वहिनी पडली.' मग साहेबांचं बोलणं पुढे चालू; मुलगी जागेवर नाही. बऱ्याच वेळाने एक ओळ, जिच्यापुढे यंत्राने 'अनोळखी आवाज' असं लिहिलं होतं: 'येतो बरं आक्का.' बाजूला तारीख आणि वेळ.

कॅमेऱ्यात तो लगेच सापडला. पाठीवर सॅक, मोटारसायकलला किक मारताना. पडद्यावर दिसताच आत्या ओरडली, "हाच तो येतोवाला!"

गाडीच्या क्रमांकावरून शेजारच्या जिल्ह्यातून त्याला आणलं. घरून काम करणाऱ्यांना लॅपटॉप पोचवणाऱ्या एका एजन्सीत तो पूर्वी होता. पत्ते त्याच्याकडे होते. चौकातला श्रद्धांजलीचा फलक पाहून त्याने हे घर निवडलं होतं. आधी इकडचं तिकडचं बोलला. आत्यासमोर उभा केला तेव्हा मान खाली गेली. मुलगी आत गेल्यावर, सगळ्यांचं लक्ष तिकडे असताना, उघड्या लॅपटॉपवर फायलींचं एकेक पान पुढे सरकवत त्याने मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं आणि ते विकलं होतं. मोबाइल तपासल्यावर आणखी दोन घरं निघाली, एक लग्नाचं, एक बारशाचं.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कायची सायेब? ज्या घरी गर्दी, त्या घरी मानूस वळखीचाच असते."

पुण्याचा सुरक्षा अधिकारी पुन्हा आला तेव्हा मी त्याला ते टिपण वाचायला दिलं. ते वाचून तो म्हणाला, "सर, आम्ही तिला विचारलंच नाही, की ही सोय का बंद करावी लागली." माणूस प्रामाणिक होता. परत जाऊन त्याने मधल्या काळात कंपनीने केलेलं तिचं निलंबन मागे घ्यायला लावलं, खोलीच्या अटीविषयी तिला माफी मिळवून दिली आणि घरात दुःख असेल तर यंत्र बाजूला ठेवायची मुभा नियमात घातली. त्याचा मी आजही आभारी आहे.

या तपासाने मला शिकवलं ते असं. ऑफिसला रखवालदार असतो, घराला नातं असतं. आणि काम घरात आलं की नात्यालाच रखवाली करावी लागते. यंत्राने कोण बसलं, कधी उठलं, काय ऐकलं, हे चोख सांगितलं. त्या दिवशी त्या घरावर काय कोसळलं होतं, हे मात्र माणसांनाच विचारावं लागलं. यंत्राची साक्ष आणि आत्याचा राग, दोन्ही मिळाले म्हणून एक निरपराध मुलगी वाचली. दोघांचाही मी ऋणी आहे.

न्यायालयाच्या आदेशाने लॅपटॉप परत द्यायचा होता. रीत अशी, की तिला ठाण्यात बोलावून सुपुर्दनाम्यावर सही घ्यायची. हवालदार तेच म्हणाला. मी म्हणालो, "नेताना गल्लीने पाहिलं, तर देतानाही गल्लीने पाहू दे." पूर्ण गणवेश घातला, सरकारी गाडी काढली, आणि बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिच्या दारासमोर उभी केली. जप्तीच्या वेळचे दोन्ही पंच बोलावून घेतले. गल्ली गोळा झाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या मुलीवर काहीही आरोप नाही, उलट तिच्यामुळे गुन्हेगार सापडला.

तिची आई पुढे आली. "म्हंजे आता हिच्यावर काहीच नाही ना सायेब?"

"काहीच नाही."

मुलीने ओसरीच्या कोपऱ्यात बसून लॅपटॉप उघडला. त्याने तिचा चेहरा ओळखला. थोड्याच वेळात पुण्याहून कॉल आला. तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "हो सर, मी रुजू झालेय."

गल्लीत गलका वाढत होता. आत्या पायरीवर उभी राहिली, आणि माझ्यासकट सगळ्यांवर डाफरली, "गप ऱ्हा बे सारे! पोरीचं हापिस सुरू झालं!"