उकडीतला अंगठा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारची नमाज आटोपल्यावर, आखातातल्या हिद्दचं वर्कशॉप.

हजर: मालक अबू यूसुफ, मिलिंग मशीनवरचा जोसेफ आणि मी, सुनंदा वानखडे, ऑर्डरी आणि स्टोअर सांभाळणारी. फोनवर, कोकणातून: जुलेखाकाकी. गैरहजर: उस्मानकाका.

विषय दोन होते. काकांबद्दल चार शब्द बोलायचे आणि त्यांच्या टेबलाचं काय करायचं ते ठरवायचं. पहिला विषय कोणालाच जमला नाही. अबू यूसुफनी दुआ म्हटली. जोसेफ हातातलं फडकं घडी करत आणि उलगडत बसला. म्हणून तो भाग मी इथे लिहून काढते आहे. तोंडाने जमत नाही ते मी कागदावर क्रमाने मांडते. माझी सवयच तशी आहे.

उस्मानकाका आमचे डिझायनर. कामावर आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली तांदळाची उकड. मला वाटलं, कोकणातला माणूस आहे, जेवण लवकर करत असेल.

"दाब," ते म्हणाले.

"काय दाबू?"

"ही उकड दाब गो. स्टोअरचं शटर उघडताना तू हात चोळतेस, सकाळपास्नं बघतो मी. मूठ चुकीची हाय त्याची."

मी दाबली. चार बोटांचे खड्डे आणि तळव्याची रेघ त्या गोळ्यात उमटली. आठवड्याच्या आत शटरला नवी मूठ बसली. अजून आहे. माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला ती नीट बसत नाही, आणि जोसेफ त्यावरून दररोज कुरकुरतो.

आमचं काम लहान लहान वस्तूंचं. कुणाला यंत्राची पकड, कुणाला कॅमेऱ्याचा कंस, कुणाला बोटीवरच्या पेटीचं झाकण. अबू यूसुफनी चांगला स्कॅनर आणलेला आहे. पण काका जवळच्या मुहर्रकमधल्या आपल्या खोलीवर सकाळी स्वतःपुरत्या भाकऱ्या थापायचे आणि त्यातला उकडीचा एक गोळा रोज डब्यात घालून आणायचे. गिऱ्हाईक आलं की आधी तो गोळा पुढे करायचे. "स्कॅनर हाताचा आकार सांगतो. जोर नाय सांगत. उकड दोन्ही सांगते." मी म्हणायची, "काका, आमच्या अकोल्याकडे ज्वारीचं पीठ असतं, ते नाही का चालणार?" "ज्वारी? तिला तडे जातात गो, तुमच्या जमिनीसारखे." असं बोलून वर माझ्याच डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून खायचे.

माणूस गरीब बिरीब मुळीच नव्हता. केसांना मेंदी, शर्टाला कडक इस्त्री, आणि इतरांच्या चहाला नावं ठेवण्यात पहिला नंबर. अबू यूसुफ हिंदीत ओरडायचे, "यल्ला उस्मान, गिऱ्हाईक थांबलंय." काका मान वर न करता म्हणायचे, "गिऱ्हाईक थांबलंय ना, पळालं तर नाय?" सकाळी आत आले की मला "जय भीम, सुनंदा" म्हणायचे आणि मी "सलाम, काका" म्हणायची. कोण आधी म्हणतो याची आमची चढाओढ असायची. बहुतेक वेळा तेच जिंकायचे, कारण ते दारातूनच सुरू करायचे.

गेल्या वर्षी एका शूटिंग क्लबचा प्रशिक्षक आमच्याकडे आला. त्याच्या रायफलच्या पुढच्या भागावर एक दिवा बसवलेला असे. त्या दिव्याचं बटण म्हणजे वायरने जोडलेलं एक चपटं रबरी पॅड. डाव्या हाताने रायफल धरायची आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पॅड दाबायचं. गाडीच्या अपघातात या माणसाचा डावा अंगठा ताठ झाला होता. पॅडपर्यंत पोचायला त्याला अख्खा तळवा सरकवावा लागे, आणि तळवा सरकला की नेम हलायचा. अंधारातलं प्रशिक्षण सोड आणि ऑफिसात बस, असं क्लबने त्याला सांगून टाकलं होतं. खरी रायफल क्लबबाहेर नेता येत नाही, म्हणून त्याने त्याच मापाची प्लास्टिकची नकली रायफल आणली होती.

"मी हात कसा वळवू, ते दाखवा," तो म्हणाला.

काका म्हणाले, "हात कशाला वळवायचा? हात हाय तसा राहू दे. वस्तूला वळू दे."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शटरच्या मुठीपासून बोटीच्या झाकणापर्यंत प्रत्येक कामात मी ते ऐकलेलं आहे.

त्यांनी नकली रायफलच्या पुढच्या भागावर उकड थापली आणि त्याला धरायला लावलं. ताठ अंगठ्याचा खड्डा वरच्या अंगाला, भलत्याच जागी, पण चांगला खोल उमटला. मग शेजारी दुसरा गोळा थापून काकांनी स्वतःचा डावा हात ठेवला. "चांगला हात कसा दाबतो, तेही बघू."

त्यांनी हात उचलला. बोटांच्या जागी फिकट खुणा होत्या. अंगठ्याच्या जागी काहीच नव्हतं, फक्त पृष्ठभाग जरा चकचकीत झाला होता.

"उकड सुकली," ते म्हणाले आणि ओल्या हाताने मळून पुन्हा दाबली. तेच.

जोसेफ हसला, "उस्मानभाई, नाश्ता नहीं किया क्या?" मीही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा गोळा मोडून डब्यात टाकला आणि झाकण लावलं. काम संपेपर्यंत कुठलाही ठसा मोडायचा नाही, हा त्यांचाच नियम होता.

ते पॅड धरणाऱ्या माउंटचं काम मात्र त्यांनी नेहमीसारखंच केलं, म्हणजे सगळ्यांना छळून. रायफलला घट्ट बसणारी एक पकड, तिच्यातून वर आलेला एक छोटा पंख, अंगठ्याच्या बाजूला कललेला, आणि त्या पंखावर पॅड. पॅडभोवती बारीकशी उभी कड. तिला ते कुंपण म्हणायचे. "कुंपण नसलं तर कपड्याला, पिशवीला लागून दिवा आपोआप पेटेल. जास्त झालं तर अंगठा आत पोचणार नाय." प्लास्टिकचे किती नमुने छापले आणि फेकले, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटचा जोसेफने ॲल्युमिनियममध्ये कापला.

बसवायच्या दिवशी काका पकडीचे स्क्रू आवळायला लागले. शेवटचा स्क्रू ते कोणालाही आवळू द्यायचे नाहीत. ती त्यांची सही होती. किल्ली त्यांच्या बोटांतून निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. मग त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "गो सुनंदा, तू आवळ."

मी आवळला. प्रशिक्षकाने रायफल धरली आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. हात जराही सरकला नाही. त्याने बंद केला, लावला, बंद केला, लावला. "खलास?" त्याने विचारलं. "खलास," काका म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घालून भिंतीवरच्या उजेडाकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या होत राहिल्या. नसांचा आजार निघाला, ज्याला औषध नाही. आधी हात, मग पाय, मग आवाज, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अबू यूसुफ म्हणाले, व्हिसा मी चालू ठेवतो, तू नुसता बसून रहा आणि आम्हाला सांगत जा. काका म्हणाले, "भाकरी थापता येत नाय मला. आता घरी गेलेलं बरं."

विमानतळावर मी सोडायला गेले होते. त्यांनी तो स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "ज्वारीची भाकरी ठेव यात. मी बघायला नाय, तर चालेल."

त्यानंतर दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल. घर खाडीजवळ, मागे काकीचं परसू. काकांचा आवाज महिन्यागणिक बारीक होत गेला. एकदा ते उशीवरून घसरले आणि मान वाकडी होऊन तसेच पडून राहिले. काकी परसात होती. ते हाका मारत होते, पण हाक खोलीबाहेर जात नव्हती. त्या शुक्रवारी त्यांनी मला काम सांगितलं. शब्द तुटत होते. काकी मधेमधे जोडून देत होती.

"बेल पायजे. बाजारातल्या बेलचं बटण... घट्ट. त्या बंदूकवाल्याचं केलं... तसं कर. पलंगाच्या पट्टीवर बसेल असं."

मी वही ओढली. "कुंपण किती ठेवू, काका?"

"कुंपण नको."

"हात नुसता लागला तरी वाजेल मग."

"वाजू दे," ते म्हणाले. "जुलेखा येऊन बघेल. तेवढंच."

काकी कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली.

तिने त्यांच्या हाताखाली उकड ठेवून ठसा घेतला. मुहर्रकचा एकजण सुटीवरून परत येत होता, त्याच्याबरोबर तो पाठवला. वाटेत वाळून त्याला तडे गेले होते. मी ते भरून घेतले, स्कॅन केला, जोसेफने आणि मी मिळून माउंट केला आणि पाठवला. तो पोचेपर्यंत हात आणखी गळला होता. अंगठा पॅडपर्यंत जाईना. मी फोनवर म्हटलं, "काका, पुन्हा करते. हात आहे तसा राहू द्या." त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण पुढचं वाक्य मला माहीत होतं.

दुसरा ठसा आला तो नुसत्या तळव्याचा. अंगठा आता उकडीत उमटतच नव्हता. तो जिथे टेकतो तिथे काकीने आगपेटीची काडी खोचून पाठवली होती. त्या काडीवरून आम्ही पंख वळवला, जवळजवळ आडवा केला, म्हणजे दाबायची गरज पडू नये, अंगठ्याचं स्वतःचं वजन पुरावं. सर्वांत हलकं पॅड मागवलं. ते सोमवारी आलं. बुधवारी सकाळी काकीचा फोन आला.

आजच्या बैठकीत टेबलाचा विषय लगेच मिटला. अबू यूसुफ म्हणाले, टेबल आहे तिथेच राहील. मी फोन बंद करणार तेवढ्यात काकीने विचारलं,

"ती बेल झाली का गो?"

"काकी, आता ती..."

"पाठव. त्यांचा हात हाय ना त्यात."

 मग अबू यूसुफ हिंदीत म्हणाले, रविवारी मुहर्रकहून कोणीतरी रत्नागिरीला जातंय, त्याच्याबरोबर द्या.

ते दोघे गेल्यावर मी कामाला बसले. पकड पुसली. वायर जोडली. बेल वाजवून बघितली, वाजते. शेवटचा स्क्रू आवळला. खोका, कापूस, काकीचा पत्ता, सगळं तयार आहे.

पॅड चिकटवायचं राहिलं आहे. त्याच्या मागे चिकटपट्टी असते. ते जागेवर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबून धरावं लागतं. पंखावर ती जागा मी काडीच्या खुणेवरून स्वतः आखली आहे. दोनदा पॅड हातात घेतलं आणि खाली ठेवलं. आता संध्याकाळ होत आली. पॅड अजून टेबलावरच आहे.