समोरच्या घराची सावली

अक्काचं पत्र आलं. "माझ्या घरासमोरचा प्लॉट रिकामा आहे. तू घे. रविवारपर्यंत सांग, मालक थांबणार नाही." नव्वद सालचा मे महिना. खानदेशात मेमध्ये शहाणी माणसं जात नाहीत. मी निघाले.

तुम्ही जाणार असाल तर नाशिकहून पहाटेची एसटी धरा, ऊन चढायच्या आत धुळं येतं. मी आधी जुन्या गल्लीत गेले. भावजींनी आदल्या वर्षी जळगावला घर बांधलं, तोवर अक्का इथेच, आमच्या माहेरच्या घरात राहायची. गल्ली पाच पावलं रुंद, दोन्हीकडे दुमजली घरं. दुपारी दोनला आमच्या पश्चिमेच्या ओट्यावर समोरच्या नानी आणि आणखी तिघी शेवया करत बसल्या होत्या.

"उनी का व माय? बस आठे. बठ्ठी सावली आठेच शे," नानी म्हणाल्या. गल्लीतली सगळी सावली खरंच तिथेच होती.

"आणि रात्री?"

"रातले भिती तापेल ऱ्हातस. मंग धाब्यावर." नानींनी तापलेल्या भिंतीला हात लावून वर गच्चीकडे बोट केलं. मग डोळे बारीक करून, "तुनी अक्का बंगलामा गयी. आते तठे कोनासंगे भांडस?"

पारोळा, एरंडोल करत दुसऱ्या दिवशी जळगाव गाठलं. खिडकीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. ओला पंचा जवळ ठेवा. कॉलनीत रुंद रस्ता, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, आणि भर दुपारी बाहेर एक माणूस नाही. अक्का दार लावून कूलरसमोर एकटीच तांदूळ निवडत होती.

तिने ओटा मात्र हुबेहूब धुळ्यासारखा करून घेतला होता. तेवढाच लांब, तोंड पश्चिमेलाच.

"गवंडी म्हणाला, अक्का, इकडे कशाला? मी म्हटलं, आमचा असाच होता." ती हसली. "मला वाटायचं ओटा गार आहे. गार होतं ते नानीचं घर. म्हणून म्हणते, समोर ये. दुमजली बांध."

आमरस-मांडे खाऊन मी पाच वाजता बाहेर पडले. समोरच्या रांगेतल्या एका दुमजली घराची सावली रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबली होती. रिकाम्या प्लॉटपासून ओट्यापर्यंत पावलं मोजली.

"किती?" अक्काने दारातून विचारलं.

"सत्तावीस. माझ्या घराची सावली तुझ्यापर्यंत यायला साडेपाच होतील, अक्का."

"होऊ देत. दिवेलागणीपर्यंत तरी बसू. सावलीसाठीच बोलावते आहे का मी?"

मला खरं तर अक्का पाच पावलांवर हवी होती. नानीच्या घरासारखी, हात लांबवून वाटी देता येईल अशी. ते काही कॉलनीत मिळणार नव्हतं. तरी रविवारी मी हो म्हटलं.

प्लॉट झाला. माझी नोकरी, मुलांच्या शाळा, घर काही अजून उभं राहत नाही. अक्काने तिथे निंब लावला आहे. रोज सकाळी रस्ता ओलांडून बादलीभर पाणी घालते. परवाच्या पत्रात लिहिते, "कमरेएवढा झाला. सावली सध्या त्याच्यापुरतीच पडते."