डुप्लिकेट शेरा

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यानंतर मी पाने जुळवण्याच्या एका सॉफ्टवेअरकडे येणाऱ्या तक्रारींची छाननी करू लागले. ते सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते लिहिणारे, दुरुस्त करणारे, त्याचे मराठी करणारे सगळे हौसेने काम करतात. त्यांच्यापैकी कुणालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. नगरमधल्या घरी बसून मी करत होते ते काम उपसंपादकाचेच होते. आलेला मजकूर वाचायचा, त्यात काय, कुठे, केव्हा घडले हे आहे का ते पाहायचे, नसेल तर विचारायचे आणि शेवटी शेरा मारायचा. शेरे ठरलेले होते: नवी, खात्री झाली, माहिती अपुरी, दुरुस्त, डुप्लिकेट. ही मराठी नावे मीच ठेवली होती. शेवटच्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की हीच अडचण आधी दुसऱ्या कुणी नोंदवलेली आहे. लोकांच्या तोंडातला शब्द वापरावा, असे वर्तमानपत्राच्या डेस्कवर शिकवले होते, म्हणून तो शब्द ठेवला.

शेवगावहून आलेल्या तक्रारीचे शीर्षक होते: ‘नव्या व्हर्जनने वाट लावली. दऱ्याचा दर्या होतो. आजच्या आज बघा.’

मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘दुसऱ्या’मध्ये तो पापणीसारखा आडवा, अक्षराच्या आधी बसतो. दुसऱ्याच्या जागी पहिला आला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नसते.

मी ठरलेले प्रश्न विचारले. आवृत्ती कोणती, संगणक कोणता, चूक पडद्यावर दिसते की छापताना, नमुन्याची फाईल जोडाल का. उत्तर आले: ‘चूक छापताना दिसते. बाकी चौकशी कशाला? दर्या दिसत नाही का?’ मी माझ्या संगणकावर ‘दऱ्या’ टाइप करून छापून पाहिले. दऱ्या दऱ्याच राहिल्या. जुन्या तक्रारी चाळल्या. एका अक्षरसंचात, म्हणजे फॉन्टमध्ये, हाच दोष पूर्वी निघाला होता आणि तो दुरुस्तही झाला होता. मी शेवगावच्या तक्रारीवर ‘डुप्लिकेट’ शेरा मारून ती बंद केली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली.

तासाभरात ती पुन्हा उघडली गेली. खाली लिहिले होते: ‘डुप्लिकेट कुणाला म्हणता? माझी तक्रार ओरिजनल आहे. मी स्वतः लिहिली आहे. डुप्लिकेट तुमचं सॉफ्टवेअर, डुप्लिकेट तुम्ही.’

मी शेऱ्याचा अर्थ समजावणारा ठरावीक मजकूर चिकटवला, सहकार्याबद्दल आभार मानले आणि तक्रार पुन्हा बंद केली. तक्रारदाराने उघडली. मी बंद केली. तिसऱ्या वेळी मी तिला कुलूप लावले, म्हणजे तिच्याखाली कुणाला काही लिहिता येईना. कुलूप लावताना मला बरे वाटले, हेही नोंदवायला हवे.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी तक्रार दाखल केली. शीर्षक होते, ‘ही पण डुप्लिकेट का?’ खाली एका ओळीत लिहिले होते, की पुस्तक दसऱ्याच्या आत छापखान्यात गेले नाही तर मागाहून दिनदर्शिकांची गर्दी होते आणि मग फेब्रुवारीपर्यंत कुणी हात लावत नाही. सोबत तपासलेल्या पानाचा फोटो होता. लाल शाईच्या खुणा जुन्या पद्धतीच्या आणि नेटक्या होत्या. तपासणारा कसलेला होता. वरच्या मथळ्यात ‘दुसऱ्या’ बरोबर उमटला होता. खाली गीताच्या ओळींत तोच शब्द दोनदा चुकला होता आणि दोन्हींभोवती लाल गोल होते.

हा फोटो मी बराच वेळ पाहिला. दोष अक्षरसंचाचा असता तर त्याच अक्षरसंचातला मथळाही चुकला असता. म्हणजे ही अडचण जुनी नव्हती. माझा शेरा चुकीचा होता.

मी फाईल मागितली. उत्तर आले: ‘मिळणार नाही. ती पण खोटी वाटेल तुम्हाला.’

पानाच्या तळाशी दुकानाचा शिक्का होता. मी तिसगावमार्गे शेवगावला जाणारी एसटी धरली.

दुकान बाजार समितीच्या वाटेवर, खतांच्या दुकानाला लागून होते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स अशी पाटी होती. आत पन्नाशीचा दुकानदार संगणकापुढे बसला होता. त्याच्या शेजारी खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ मांडीवर पाने घेऊन लाल पेन चालवत होते. मी कोण ते सांगितले.

‘तुमीच का कुलूप लावनाऱ्या?’ दुकानदार म्हणाला.

‘हो.’

‘बसा म्हननार न्हाई. खुर्ची एकच हाय, अन् ती गुरुजींची हाय.’

‘स्टूल दे रे त्यांना,’ गुरुजी म्हणाले. ‘उभ्या माणसाशी भांडायचं तर मला मान वर करावी लागते.’

स्टूल आले. दुकानदाराने ते पायाने सरकवले.

‘गाडीचा पार्ट डुप्लिकेट आसतोय,’ तो म्हणाला. ‘तूप डुप्लिकेट आसतंय. आमची अडचन डुप्लिकेट कशी आसंल, मॅडम?’

‘आधी कुणी सांगितलेली, असा अर्थ आहे त्याचा.’

‘मग तसं लिवायचं. आधी आली हाय. एवढं लिवायला हात दुखत्यात का? दोन दिवस गुरुजींना त्वांड दाखवलं न्हाई मी. त्यांना वाटलं, मीच कायतरी घोळ केला अन् खोटी तक्रार केली.’

‘मला तसं वाटलं नव्हतं,’ गुरुजी म्हणाले. ‘पण हा शब्द कुणी निवडला?’

‘मी.’

‘पेपरात होतात म्हणे.’

मी हो म्हटले. त्यांनी पान उलटले.

गुरुजी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. मांडीवरची पाने त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, गीतांची होती. शेवगाव आणि पाथर्डीकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत गायिली जाणारी, कुठल्याच छापील पुस्तकात न आलेली गीते त्यांनी वह्यांतून आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतली होती. सांगणाऱ्यांपैकी निम्म्या आता हयात नव्हत्या. मजकूर दुकानदाराने टाइप केला होता. तोही त्याच मंडळीतला.

‘एका अक्षरानं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटत असेल,’ गुरुजी म्हणाले.

‘नाही.’

‘तरी ऐका. दुसऱ्या म्हणताना स हलका राहतो. तुमच्या छपाईत तो जड होतो, गाताना तिथं एक मात्रा वाढते. म्हाताऱ्यांना पाठ आहे, त्या नीट म्हणतील. पोरं पुस्तकात बघून म्हणतील. पाच वर्षांनी पोरांचंच बरोबर ठरेल. मग हे पुस्तक मी कशासाठी केलं?’

मी दुकानदाराला म्हटले, ‘दुसऱ्या टाइप करून दाखवा.’

‘माझी परीक्षा घेता का?’

‘माझी घेते.’

त्याने टाइप केले. मी पडद्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहिले. र, मग त्याचा पाय मोडायची कळ, आणि मग डाव्या हाताने दोन कळा दाबून धरत उजव्याने तिसरी. त्या तिसऱ्या झटक्याला पडद्यावर काहीच उमटत नव्हते. ती न दिसणारी जोडखूण होती. तिच्यामुळे र डोक्यावर न चढता आडवा बसतो. मी पापणीच्या र साठी असलेली वेगळी एकच कळ वापरते. नव्या शिकणाऱ्यांना तीच शिकवतात. तो जुन्या पद्धतीने शिकला होता. नवी आवृत्ती छपाईची फाईल बनवताना ती न दिसणारी खूण गाळून टाकत होती. मथळे गुरुजींनी मोबाईलवर टाइप करून पाठवले होते आणि मोबाईल माझ्यासारखाच लिहितो, म्हणून ते शाबूत राहिले होते.

मी तिथेच, त्याच्या संगणकावर, सहा ओळींचा नमुना करून तक्रार नव्याने लिहिली. तो खांद्यावरून वाचत होता. ‘वापरकर्त्याच्या म्हणण्यानुसार’ इथपर्यंत आल्यावर त्याने पडद्यावर बोट टेकवले.

‘म्हनन्यानुसार का? आता डोळ्यानं बघितलं ना तुमी?’

डेस्कवर या शब्दाशिवाय माझे एक वाक्य पुढे सरकले नव्हते. मी तो खोडला आणि ‘मी स्वतः पाहिले’ असे लिहिले. निघताना त्याने चहा विचारला नाही. गुरुजींनी विचारला, पण तोवर एसटीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचा हा भाग सांभाळणाऱ्या परदेशातल्या गृहस्थाचे उत्तर आले. अडचण खरी आहे, दुरुस्ती लहान आहे, पण येत्या आवृत्तीत नव्या दुरुस्त्या घेणे परवाच बंद झाले. तीन दिवस ही तक्रार डुप्लिकेटच्या यादीत होती आणि ती यादी मी उघडत नाही, असे त्याने लिहिले होते. पुढच्या आवृत्तीत पाहू. त्याने कुणाला दोष दिला नव्हता. गरजही नव्हती.

मी दुकानात फोन केला आणि उत्तर वाचून दाखवले.

‘म्हंजे तुमच्यामुळं,’ दुकानदार म्हणाला.

‘हो.’

‘तुमीच हो म्हनालात ते बरं झालं. मला आता ते परत म्हनावं लागनार न्हाई.’

जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नव्हते, कारण नवीत साठवलेली फाईल जुनीत उघडत नाही. सगळे शब्द एका फटक्यात बदलावेत तर शोधाच्या चौकटीला ती न दिसणारी खूण कळत नव्हती. तिला ‘दुसऱ्या’ आणि ‘सूर्य’ यांतला र एकच वाटत होता. गीतांत सूर्य, धैर्य, कार्य, ऐश्वर्य पानोपानी होते. एकेक जागा डोळ्याने पाहून तिथे वेगळ्या कळेचा र घालणे एवढेच उरले. गुरुजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि सबंध पुस्तक पुन्हा तपासणे त्यांना शक्य नव्हते. मी येते म्हणाले. दुकानदाराने फोन ठेवला.

गुरुवार ते शनिवार मी रोज शेवगावला गेले. रविवारी त्यांची उपासना होती आणि सोमवारी फाईल नगरच्या छापखान्यात द्यायची होती. पहिला अर्धा भाग गुरुजींनी घेतला, दुसरा मी. मी शब्द मोठ्याने वाचायचे, दुकानदार बदलायचा.

‘ऐश्वर्य. राहू द्या. उतरणाऱ्या. बदला. सूर्य.’

‘सूर्याला हात लावू नका, मॅडम. उद्या उगवायचा न्हाई अन् परत माझ्याच नावानं शेरा.’

गुरुजी हसले. तो हसला नाही. त्या तीन दिवसांत कामाव्यतिरिक्त तो माझ्याशी एवढेच बोलला. शनिवारी दुपारी शेवटचे पान झाले. मी पुन्हा एकदा नजर टाकू का, असे विचारले. ‘नको,’ तो म्हणाला. ‘लई नजर टाकली तुमी.’ त्याने छपाईची फाईल बनवली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि संगणक बंद केला.

पुस्तक वेळेत छापून झाले. मला प्रत आली नाही, मी मागितलीही नाही. नगरमधल्या एका ओळखीच्या बाईंकडे ती पाहायला मिळाली. मंडळीत ते वापरात होते आणि बाईंना त्यात काही वावगे दिसले नव्हते. मी उभ्या उभ्या पाने चाळली आणि पुस्तक परत दिले.

दुरुस्ती वसंतात आलेल्या आवृत्तीत गेली. मी तक्रारीखाली तसे लिहिले आणि तपासून सांगण्याची विनंती केली. आठ दिवसांनी शेवगावचे उत्तर आले: ‘तपासलं. चालतंय. पुस्तकात दोन ठिकाणी दर्या राहिला. दोन्ही पानं तुम्ही वाचलेली.’ खाली पानांचे क्रमांक होते. मी बाईंकडे जाऊन ती पाने उघडली. त्याचे बरोबर होते.

नियमाप्रमाणे दुरुस्ती झालेली तक्रार छाननी करणाऱ्याने बंद करायची असते. मी ती केलेली नाही. ती बंद करण्याचा अधिकार मी नोंदवणाऱ्याच्या नावावर केला आणि तसे त्याला कळवले. त्याने ती अजून बंद केलेली नाही.