कुंकू न लागलेली कात्री

आयुधपूजेच्या दिवशी माझ्या भावजयीनं माझा शिकंजा देवीपुढून उचलून खिडकीत ठेवला. त्याचा राग मला अजून आहे आणि तो गिळायचा माझा विचार नाही.

शिकंजा म्हणजे टेबलाला लावायची छोटी लोखंडी पकड. तिच्यात गळ धरायचा आणि त्यावर रेशीम, जर, पिसं बांधत जायची. शेवटी माशाला भुलवणारी जी रंगीत खोटी माशी होते तिला फ्लाय म्हणतात. उटीला शाळेत शिकवत होते तेव्हा तिथल्या ट्राउट माशांच्या ओढ्यांकाठी मी हे शिकले. सॅमन माशासाठीच्या जुन्या पद्धतीच्या फ्लाय सगळ्यांत जास्त छळतात. वेगवेगळ्या रंगांच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकवून पंखाची सलग पट्टी करायची, जरा श्वास जोरात सोडला की गेली. आयुष्यात मी एकही मासा धरलेला नाही; माझ्या फ्लाय लोक चौकटीत लावतात. निवृत्त होऊन तंजावूरला धाकट्या भावाकडं राहायला आले तेव्हा सामानात साड्या कमी आणि पिसं जास्त होती.

आमच्याकडं नवरात्रात कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या आणि सगळ्यांत वर देवी. नवमीला ज्याचं त्याचं हत्यार तिच्यापुढं गंध-कुंकू लावून ठेवायचं आणि दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भावाचा लॅपटॉप बसला, भावजयीचा मिक्सर बसला, विळी आणि घरातल्या झाडून सगळ्या सुया-कात्र्या बसल्या. मीही माझा शिकंजा आणि कात्री नेऊन ठेवली.

"अय्यय्यो अक्का, गळाचं सामान? देवीपुढं?" भावजय म्हणाली. "होत नाही हे. शाकाहारी घर अहे." आणि दोन्ही उचलून तिनं खिडकीत ठेवलं.

मी भावाकडं बघितलं.

"सुम्मा सोड अक्का, उगीच कशाला," तो म्हणाला. "खेळणंच तर अहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. पापनाशमजवळचं आमचं तळं यानं मासेवाल्याला भाड्यानं दिलंय. त्याच पैशांचा लॅपटॉप कुंकू लावून देवीशेजारी बसला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या त्याला हे नोकरी म्हणणार, आणि हाताला जी एक कला खरी वश झाली ती खेळणं.

मग लक्षात आलं, पूजेत नाही तर बंदीही नाही. शिकंजा खिडकीतल्या टेबलाला आवळला आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी फ्लाय बांधायला बसले. घरात दुसऱ्या कुणाला साधा दोरासुद्धा तोडता येत नव्हता.

संध्याकाळी बायका तांबूल घ्यायला यायच्या, त्याच्या जरा आधी देवीच्या पदराची जर उसवली आणि लोंबत समईच्या ज्योतीपाशी आली. भावजय माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अक्का, तुमची कात्री देतां कां?"

"गळाची अहे ती."

"चालतं," ती म्हणाली, जमिनीकडं बघत.

अडल्या हरीनं गाढवाचे पाय धरले होते आणि गाढवाला लाथ मारायची फार इच्छा होती. पण यात देवीचा काय दोष? मी स्वतः गेले आणि माझ्या फ्लायच्या डब्यातल्या सुईनं, रेशमानं ती जर पुन्हा बसवली. फ्लायच्या डोक्याला घालते तशीच गाठ घातली. बायका आल्या, पदर बघून वा वा करून गेल्या. काम कुणाचं, हे भावजयीनं काही सांगितलं नाही. तेव्हा मला सकाळपेक्षाही जास्त राग आला.

सगळ्या गेल्यावर ती कुंकवाची वाटी घेऊन आली. मागं भाऊ उभा होता.

"आणा अक्का, कात्रीला लावते."

"शिकंजापण ठेव, वाटलं तर," भाऊ म्हणाला.

शिकंज्यात फ्लाय पुरी होत आली होती, शेवटची गाठ बसली होती, दोरा कापायचा तेवढा राहिला होता.

"नको," मी म्हटलं. "कात्रीला आज काम अहे."

आणि त्यांच्यासमोर उरलेला दोरा कापला.