स्टेजवर मिळालेला पगार

"सोडू नको. धरून ठेव. फोटो येऊ दे."

माइकपासून तोंड बाजूला करून सर मला म्हणाले. पाकिटाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. माझ्या खांद्यावर शाल, काखेत नारळ. समोर लातूरचा तो भरलेला हॉल. गुणवंत पोरं, त्यांचे आईबाप, पहिल्या रांगेत पाहुणे. फोटोग्राफरचा फ्लॅश काही केल्या पेटेना. आम्ही दोघं तसेच पाकीट धरून उभे. आणि मी हसत होतो. आजही आठवलं की कान तापतात. मी हसत होतो.

त्या पाकिटात माझा पगार होता.

सर म्हणजे क्लासचे मालक. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. उदगीर, चाकूर, पार नांदेडहून पोरं ट्रंका घेऊन यायची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मी बी.एस्सी. होऊन नुकताच बाहेर पडलेलो. संध्याकाळच्या बॅचला केमिस्ट्री शिकवायचो. पोरं मन लावून ऐकायची. पगार मात्र चार महिने मिळाला नव्हता. विचारलं की सर म्हणायचे, "रिझल्ट लागू दे, एकदम देतो." आम्हा नव्या मास्तरांना सगळीकडे हेच उत्तर मिळायचं.

एके दिवशी एका पालकानं मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, पोरगा तुमचं लई नाव काढतो. गाव कोणतं? पूर्ण नाव काय आपलं?"

मी सांगितलं. आडनाव ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "अच्छा, अच्छा," म्हणत ते चपला शोधायला वळले.

पुढच्याच आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं शिकवणं चांगलंच आहे रे. पण पालक लोक कसे असतात, तुला माहीत आहे. उद्यापासून नको येऊ."

मी काय म्हणालो? "बरं सर" म्हणालो. जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा पगाराची आठवण झाली. परत वर जायची हिंमत झाली नाही. माझीच काहीतरी चोरी पकडली गेली, असं वाटत होतं.

मग हेलपाटे सुरू झाले. केबिनबाहेर चपलांच्या रॅकपाशी उभा राहायचो. आत बस असं कुणी म्हणायचं नाही. माझीच पोरं चपला काढता काढता "गुड इव्हिनिंग सर" म्हणायची. "सर, आमच्या बॅचला परत कधी येणार?" मी सांगायचो, रजेवर आहे. खोलीचं भाडं थकलेलं. नांदेडला बी.एड.ला माझा नंबर लागला होता आणि फी भरायची मुदत जवळ येत होती. तो पगार मिळाला तर बी.एड. होणार होतं. नाहीतर वर्ष जाणार होतं.

शेवटी एकदा सर स्वतः बाहेर आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रविवारी गुणवंतांचा सत्कार आहे. ये. तिथंच तुझा हिशोब मिटवून टाकू."

मी शर्टाला इस्त्री करून गेलो. कोपऱ्यात बोलावून देतील, असं वाटलं होतं. सगळ्या पोरांची नावं संपली, त्यांचे हार-तुरे संपले आणि माइकवरून माझं नाव आलं. सर बोलायला लागले.

"भूकंपानं या होतकरू मुलाच्या डोक्यावरचं छप्पर हिरावलं. पण आपल्या क्लासनं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी आपण मदतीचा हात देतोय."

हा इथं शिकवत होता, असं ते म्हणाले नाहीत. टाळ्या पडल्या. मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला. फ्लॅश उडाला आणि सरांनी पाकीट सोडलं. मग मी वाकलो. त्यांच्या पायांना हात लावला. वाक असं मला कुणी सांगितलं नव्हतं. कंबर सवयीनं वाकली. या लेखात मला सगळ्यात जड गेलेलं वाक्य हेच आहे.

ही सवय लागली कुठून, तेही सांगतो. आमच्या डोक्यावर छप्पर कोसळलं नव्हतं. गावातले दगडमातीचे मोठे वाडे माणसांवर पडले. आमच्या वस्तीत कुडाची घरं, वर गवत. ती हलली, कलंडली, पण आम्ही जिवंत बाहेर आलो. नंतर ट्रक आले. आम्ही रांगेत. घोंगडी देणारा माणूस तिचं एक टोक हातात धरून ठेवायचा, फोटो निघेपर्यंत. फोटो झाला की सोडायचा. मी शाळकरी होतो. आई मागून ढोसायची, "वाकून घे रं. देणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगं." तेव्हा खरंच थंडी होती आणि घोंगडी खरंच मदत होती. म्हणून त्या वाकण्याची मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलेलं, भूकंपग्रस्त तरुणाला मदतीचा हात. मी पाकीट घेऊन गावी गेलो. आई पत्र्याच्या शेडात चुलीपुढं बसली होती. शेजारच्या पोरीनं तिला पेपर वाचून दाखवला होता. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं नाही.

"आरं, तू तितं शिकवायला व्हतास न्हवं?"

"हाव."

"मग ह्यानी मदत कामून दिली?"

मी पेपर उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"म्या वाकले ते तुला वाकावं लागू न्हाई म्हणून. घामाचे पैसे बी वाकूनच घेतलास व्हय, लेकरा?"

ती भाकरी थापत राहिली. माझ्याकडं बघितलंच नाही. रात्रभर पाकीट माझ्या उशाशी होतं आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. नव्या वर्षाची ॲडमिशन चालू होती. पालकांची रांग जिन्यापर्यंत आलेली. मी रांगेत उभा राहिलो. नंबर आला तसं पाकीट सरांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, ही तुमची मदत परत घ्या. मी इथं चार महिने शिकवलं. माझा पगार द्या. पगार म्हणून द्या."

"अरे, आत ये. बसून बोलू."

"न्हाई सर. इथंच."

"पैसे तेच आहेत ना? पै न् पै मोजून दिलेत."

"तेच हायत. मग ह्या लोकांसमोर सांगा, की हा आमच्याकडं शिकवत होता."

सरांनी पालकांकडं पाहिलं. एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, "नको असेल तर राहू दे. नेक्स्ट."

माझं बी.एड.चं वर्ष गेलं. कामगार कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, शिकवणारा माणूस कामगारात बसत नाही. ते वर्ष मी जळकोटच्या एका दुकानात पोती मोजली. पुढच्या वर्षी नांदेडला गेलोच. आज मी मास्तर आहे. माझ्या वर्गात कुणाला गणवेश मिळतो, कुणाला वह्या मिळतात. कुणाचाही फोटो मी काढू देत नाही.

क्लासची आता उंच इमारत आहे. टेबलावर सरांचा मुलगा बसतो. दर जूनला, ॲडमिशनच्या पहिल्या दिवशी, मी पालकांच्या रांगेत उभा राहतो. माझा नंबर आला की मोठ्यानं सांगतो, मी इथं शिकवत होतो, माझा पगार बाकी आहे. मागच्या खेपेला तो म्हणाला, "काका, जुना मामला आहे. किती द्यायचे सांगा, आत्ता देतो."

"दे. पण पावतीवर लिही, शिकवल्याचा पगार."

"ते बाबांना विचारावं लागेल."

"विचार. मी येतो परत."

तो पगार मी सोडलेला नाही. रांगेत उभं राहायला आम्हाला भूकंपानं शिकवलंय. या जूनलाही जाणार आहे. पूर्ण नाव सांगणार आहे, आडनावासकट. वाकणार नाही. ज्याला फोटो काढायचा असेल, त्यानं तेव्हा काढावा.