सांगाल तशी भिवंडी

तो पाहुण्यांना पायी फिरवून जुनी भिवंडी दाखवतो, आणि रविवारी मी फुकटात त्यांच्या मागे जातो, कारण इतकं देखणं खोटं या शहरात दुसरं कोणी बोलत नाही. आधी तो विचारतो, "बोला, काय बघायचा हाय?" मग माणूस पाहून गल्ल्या ठरतात. एकच भिंत मास्तरांसाठी पेशव्यांच्या काळातली असते आणि नव्या जोडप्यासाठी प्रेमात पडलेल्या सुभेदाराची. छत्री उंच धरून तो उलटा चालत बोलतो. रिक्षावाले शिव्या देतात, तो त्यांना सलाम करतो.

गेल्या रविवारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांना फक्त खाडीजवळचं आपलं माहेरचं घर पाहायचं होतं. तिथे आता गोडाऊन आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो पहिल्यांदाच सरळ, गप्प चालला आणि थेट स्वतःच्या दारात थांबला.

"हाच घर, मावशी."

बाईंनी चौकट चाचपली. "उंबरा उंच होता रे."

"तवा तुमी बुटक्या व्हत्या."

बाई हसल्या, मग ओट्यावर बसून रडल्या. त्याच्या बायकोने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्या माहेरवाशिणीची ओटी भरली.

"हे घर पाडू नका हं," निघताना बाई म्हणाल्या.

"न्हाय, मावशी," तो म्हणाला. हे खोटं मात्र त्याला नीट जमलं नाही. आत सगळं सामान बांधलेलं होतं. पुढच्या आठवड्यात बिल्डरला ताबा द्यायचा होता.