दुसऱ्याच्या झेंड्याखाली मेलेली माणसं

"माझ्या आजोबांच्या थडग्यावर काय कोरलंय माहितेय? फ्रान्ससाठी मेला. फ्रान्ससाठी! फ्रान्समुळे मेला म्हणा की!"

आमच्या वर्कशॉपमधला वेल्डिंग इन्स्पेक्टर हे बोलला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. घास हातातच राहिला. एरवी हा माणूस जेवताना बोलतो ते फक्त फुटबॉलवर. इथं बहारीनच्या मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्तीला येतात, त्यांच्या कामांचं प्लॅनिंग मी बघते आणि वेल्डिंग तो तपासतो. तो मोरोक्कोचा, मी सातारची. रिफा गावात एकाच कंपाउंडमध्ये राहतो, म्हणून सकाळी त्याच्याच गाडीतून येते. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

झालं होतं असं. अकरा नोव्हेंबर जवळ आला होता. पहिलं महायुद्ध त्या दिवशी थांबलं, म्हणून इथले फ्रेंच लोक आपल्या सगळ्या युद्धांतल्या सैनिकांसाठी पुष्पचक्र वाहतात. मोरोक्कोहून लेकाकडे राहायला आलेल्या त्याच्या वडिलांना तिथं जायचं होतं, आणि तेही लेकाचा हात धरून. लेकानं साफ नाही म्हटलं.

वडील ऐंशी ओलांडलेले. आम्ही सगळे त्यांना हज्जी म्हणतो. आईच्या पोटात होते तेव्हाच दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या वडिलांना तेव्हा मोरोक्कोवर राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी डोंगरातल्या गावातून पलटणीत भरती करून नेलं. तो माणूस पूर्व फ्रान्सच्या बर्फात मेला आणि तिथंच पुरला गेला. पुढं मोरोक्को स्वतंत्र झाला आणि गावात त्याला फ्रेंचांचा चाकर म्हणू लागले. हज्जींच्या आईनं पोराला बजावलं, बापाचं नाव घ्यायचं तर आधी दार लावून घे. हज्जींनी जन्मभर तेच केलं.

"आणि माझ्या आईचे वडील," इन्स्पेक्टर म्हणाला, "स्वातंत्र्य मागितलं म्हणून फ्रेंचांच्याच तुरुंगात होते. हात मोडून घरी आले. मी त्यांच्या मांडीवर वाढलोय. सांग, मी कुठल्या आजोबाच्या बाजूनं उभा राहू?"

मी डबा बंद केला.

पण गप्प बसेन तर ती मी कसली! आमचे हे म्हणालेच, "अगं, बापलेकांचं आहे ते. तू कशाला नाक खुपसतेस?" तरी संध्याकाळी गेलेच मी. हज्जी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणी हॉटेलात नोकरी केलेली, त्यामुळं मोडकंतोडकं इंग्रजी येतं त्यांना. म्हटलं, हज्जी, मी टॅक्सी करते, मी नेते तुम्हाला. त्यांनी मान हलवली.

"बिन्ती, मला गाडी नकोय. मला मुलगा हवाय. माझं हृदय आता थकलंय. माझ्यानंतर माझ्या बापासाठी दुवा मागणारं एक तोंड उरायला हवं. फ्रेंच काय, फुलं वाहतील आणि जेवायला जातील."

बिन्ती म्हणजे लेकी. मला एकदम भरून आलं. आणि रागही आला, त्या इन्स्पेक्टरचा. म्हातारा मागतो तरी काय, एवढंच ना! अकरा तारीख आली आणि गेली. हज्जी घरातून बाहेर पडले नाहीत. सुनेनं सांगितलं, त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

आता आमच्या घरचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. लहानपणी दर एक जानेवारीला वडील आम्हाला भीमा कोरेगावला न्यायचे. तिथं दगडी स्तंभ आहे. इंग्रजांच्या कंपनीची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, त्यात पडलेल्यांची नावं त्यावर आहेत. त्यात नावाच्या शेवटी 'नाक' लागलेली माणसं आमची. ज्यांच्या सावलीचाही विटाळ व्हायचा, ती. वडील आम्हाला खांद्यावर घेऊन ती नावं वाचायला लावायचे. इथं बहारीनला आल्यापासून आमचे हे दरवर्षी हॉलमध्ये थर्माकोलचा स्तंभ उभा करतात. एरवी एसी चिलर दुरुस्त करणारा माणूस, पण त्या आठवड्यात घरभर पांढरा भुगा करून ठेवतो. सोफ्यातून तो मार्चपर्यंत निघत नाही.

यंदा मी हज्जींना आमंत्रण दिलं. आमच्याकडेही सैनिकांचा स्तंभ असतो, इथली आमची मंडळी जमते, या म्हटलं, खीर खायला या. ते आले. इस्त्रीचा कोट घातला होता. आणायला-न्यायला म्हणून लेकही आला, आणि दाराजवळच भिंतीला टेकून उभा राहिला.

"कुणी बांधला हा खरा स्तंभ?" त्यानं मला विचारलं.

"इंग्रजांनी."

तो हसला. ते हसणं मला झोंबलं. "मालकांनी बांधला, आणि तुम्ही वाकता?"

माझा पारा चढला. पाहुणा आहे, सांभाळून बोल, असं मनात म्हणेपर्यंत तोंडातून गेलंच. "हे बघ, इंग्रजांनी तो स्वतःच्या फुशारकीसाठी बांधला. आम्हाला काय ठाऊक नाही? पुढं सत्तरेक वर्षांनी त्यांनी आमची भरतीही बंद केली, उपकार संपले. पण दगड त्यांचा असला तरी नावं आमची आहेत. आम्ही इंग्रजांपुढं वाकत नाही. त्या नावांपुढं वाकतो. आम्ही नाही वाचली तर कोण वाचणार ती?"

ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं, म्हणून थांबले. इन्स्पेक्टर दारातून निघून मात्र गेला नाही.

मेणबत्ती लावली. ह्यांनी "सावधान" म्हटलं, मानवंदना झाली, मग त्रिसरण-पंचशील. शेवटी आम्ही नेहमीसारखं "साधु, साधु, साधु" म्हटलं. बायका खिरीच्या वाट्या भरायला वळल्या, तेवढ्यात हज्जी उठले. सावकाश चालत त्या थर्माकोलपुढं जाऊन उभे राहिले. खिशातून बापाचं एक पदक काढलं, रंग उडालेल्या फितीचं, आणि स्तंभाच्या पायरीवर ठेवलं. मग दोन्ही तळवे वर करून फातिहा, मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना, म्हणू लागले.

जन्मभर दार लावून घेतलेलं नाव त्यांनी सगळ्यांदेखत, मोठ्यानं उच्चारलं. आणि थांबले. दुवा मागून झाली की दुसऱ्या कुणीतरी आमीन म्हणायचं असतं, एवढं इतकी वर्षं इथं राहून मलाही कळतं. ते लेकाकडे वळून बघत नव्हते. पण वाट बघत होते, त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. लेक भिंतीशी तसाच.

आणि मग आमच्या माणसांनी घोटाळा केला. प्रार्थना संपली की काय म्हणायचं, ते जन्मापासून जिभेवर बसलेलं. अख्खा हॉल एका सुरात म्हणून गेला, "साधु, साधु, साधु."

अगं बाई! मुसलमान माणसाच्या फातिहाला साधु? आता हा लेक काय म्हणेल? ह्यांचा चेहरा तर पांढराफटक पडला. हज्जींनी मान वळवून विचारलं, "बिन्ती, काय म्हणाले हे?"

मी कसंबसं म्हटलं, "चांगलं झालं, हज्जी. चांगलं झालं, असं म्हणाले."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांच्या बापाच्या नावाला पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर दिलं होतं, आणि देणारे कोण, तर ज्यांना त्याचं गावही नीट ठाऊक नाही असे आम्ही.

दाराजवळ हालचाल झाली. इन्स्पेक्टरनं बूट काढले. आमच्या चटईवरून चालत तो बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि तळवे उघडले. "आमीन," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. मग त्यानं आजोबांचं नाव घेतलं, बापाच्या तोंडून आत्ताच ऐकलेलं. आणि श्वासही न घेता दुसरं नाव घेतलं, तुरुंगातून हात मोडून आलेल्या आजोबांचं.

हज्जी क्षणभर थबकले. हे दुसरं नाव त्यांच्या सासऱ्याचं, आणि त्यानं हयातभर त्यांना फ्रेंचांच्या शिपायाचं पोर म्हणून हिणवलं होतं, हे मला सुनेनं कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी लेकाचा हात घट्ट धरला आणि त्या दुसऱ्या नावालाही आमीन म्हटलं.